बसामास्तरांची डावी बाजू

बसामास्तरांना खरं नाव होतं, पण ते फक्त दुकानाच्या पाटीवर उरलं होतं, आणि पाटीचा रंग उडाल्यापासून तिथेही नव्हतं. दुकानात कुणीही पाऊल टाकलं, मग ते गिऱ्हाईक असो, मीटर बघायला आलेला माणूस असो की नुसता पत्ता विचारणारा वाटसरू, मास्तर आधी म्हणायचे, "बसा." हा पाहुणचार आहे असा कुणी गैरसमज करून घेऊ नये. माणूस कसा बसतो हे त्यांना बघायचं असायचं. कुणी धपकन अंग टाकतो, कुणी आधी हाताने चाचपतो, कुणी कडेला टेकून पळायच्या तयारीत असतो. मास्तर ओठांत बारीक खिळे धरून बघत राहायचे आणि मनातल्या मनात ठरवायचे, या बुडाला काथ्या लागेल की फोम.

सोफे, खुर्च्या, दवाखान्यातले बाक, सलूनमधल्या फिरत्या खुर्च्या, जे जे म्हणून माणूस बुडाखाली घेतो ते सगळं या दुकानात यायचं. लाकडी सांगाड्याला उभे-आडवे पट्टे ताणून विणायचे, त्यांच्यावर स्प्रिंगा बांधायच्या, मग बारदान, काथ्या, फोम आणि वर कापड. कापड मास्तरीणबाई शिवायच्या. सांगाडा आणि ओढाताण मेहुण्याकडे. मेहुणा म्हणजे मास्तरीणबाईंचा धाकटा भाऊ, अंगाने इतका ऐसपैस की गल्ली त्याला गोणी म्हणायची आणि तोही बिनतक्रार ओ द्यायचा.

सगळं झालं की शेवटचं काम मास्तरांचं. ते हात धुवायचे, कोरडे करायचे, चष्मा काढून ठेवायचे आणि त्या खुर्चीत बसायचे. डोळे मिटून. दुकानातली कात्री थांबायची, शिलाई मशीन थांबायचं. मग मास्तर सांगायचे, "उजवीकडे मूठभर काथ्या घाल," किंवा "मागची स्प्रिंग बोलतेय," किंवा नुसतंच "जाऊ दे." बोलतेय म्हणजे बुडाला जाणवतेय; जाऊ दे म्हणजे पास. मास्तर बसल्याशिवाय त्या दुकानातून साधं स्टूलसुद्धा बाहेर पडलं नव्हतं. गल्लीत कुणी नवा सोफा आणला तर लोक किंमत विचारायच्या आधी विचारायचे, "मास्तर बसलेत का यावर?"

अशा माणसाच्या नेमक्या बुडालाच दुखणं लागावं, याला काय म्हणायचं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

सुरुवात कधी झाली ते मास्तरांनाही नीट सांगता यायचं नाही. बसलं की डावीकडे, माकडहाडाच्या खालून पुढे, जिथलं नाव चारचौघांत घेत नाहीत तिथपर्यंत, कुणीतरी तापवलेलं दाभण हळूहळू ओढतंय असं वाटायचं. उभं राहिलं की कमी. आडवं झालं की जणू काही झालंच नव्हतं. दुखणं असं की दाखवायला जागा नाही आणि सांगायला तोंड नाही. हाताला लागलं असतं तर मास्तरांनी गल्लीभर पट्टी मिरवली असती. इथे काय मिरवणार.

म्हणून त्यांनी ते लपवलं. दुकानात उभ्याने काम करायला लागले. कुणी विचारलं तर म्हणायचे, "बसून बसून पोट सुटलंय." ज्यांच्या घरी जायचे तिथे उलटंच झालं होतं. लोक म्हणायचे, "बसा मास्तर," आणि मास्तर खिडकीपाशी उभे राहून पडद्याचं कापड तपासत असल्याचं नाटक करायचे. एका घरी तर त्यांनी पडद्याचं इतकं कौतुक केलं की त्या बाईंनी उरलेलं कापड बांधून दिलं.

एक जागा मात्र होती जिथे मास्तरांना बसता यायचं. कमोडवर. तिथे दुखायचं नाही. का ते देव जाणे, पण नाही. मग काय, मास्तर सकाळचा चहा आत नेऊ लागले. पेपर आत. हिशेब आत. दुपारच्या जेवणानंतर पुन्हा जरा वेळ आत. भिंत पातळ आणि गल्लीचे कान जाड नाहीत. बद्धकोष्ठापासून कर्जापर्यंत सगळे तर्क लढवून झाले. पलीकडच्या टायपिस्ट काकू, नोकरीतून निवृत्त झालेल्या पण गल्लीच्या कारभारातून न झालेल्या, एकदा मास्तरीणबाईंना म्हणाल्या, "आमच्या साहेबांचं असंच होतं हो. घरात बोलणी बसायला लागली की आत जाऊन बसायचे."

मास्तरीणबाईंनी त्या संध्याकाळी दाराबाहेरून विचारलं, "अहो, मी बोलते का तुम्हाला फार?"

"नाही गं."

"मग बाहेर या."

"येतो. एवढी बातमी संपू दे."

बातमी काही संपायची नाही.

दुकानात मात्र बसण्यापासून सुटका नव्हती. खुर्ची तयार झाली की मेहुणा ती मधोमध आणून ठेवायचा आणि म्हणायचा, "दाजी, चला." मास्तर हात धुवायचे, चष्मा काढायचे आणि बसायचे. डाव्या बाजूला भार पडला की दाभण फिरायचं, म्हणून सगळा भार उजवीकडे टाकायचे, तोंडावर सुरकुती न आणता. डोळे मिटलेले असायचे हे बरं, नाहीतर कुणाला दिसलं असतं. मग चटकन उठून म्हणायचे, "उजवीकडे मूठभर काथ्या घाल. मग जाऊ दे."

मेहुणा एकदा काथ्या पिंजता पिंजता पुटपुटला, "हल्ली सगळ्यांनाच उजवीकडे मूठभर लागतंय."

"तुला काय कळतंय त्यातलं," मास्तर म्हणाले.

"काही नाही दाजी. मी आपलं मुठी भरतोय."

डॉक्टर करून झाले. पहिल्याने मूळव्याध शोधली, ती सापडली नाही म्हणून मलम दिलं. दुसऱ्याने मणक्याचा फोटो काढला आणि फोटो छान आलाय म्हणाला. तिसऱ्याने मास्तरांच्या डोळ्यांत बघत विचारलं, घरात काही ताण आहे का. मास्तर म्हणाले, आमच्याकडे ताण फक्त पट्ट्यांना असतो. त्या डॉक्टरला विनोद कळला नाही आणि मास्तरांना झोपेची गोळी मिळाली. ज्या माणसाला झोपल्यावर दुखतच नाही त्याला झोपेची गोळी. गोळ्या मेहुण्याने घेतल्या आणि दोन दिवस दुकानात सोफ्यांवर लोळून काढले.

शेवटी मणक्याच्याच डॉक्टरने एका सर्जनबाईंकडे पाठवलं. बाई बारीक चणीच्या, आवाज हळू, आणि खोलीत खुर्च्या अशा की मास्तरांनी आत पाऊल टाकताच तोंड वाकडं केलं. बाई म्हणाल्या, "बसा." मास्तर उभेच. मास्तरीणबाई बसल्या.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. कुठे दुखतं, किती वेळ दुखतं, सायकल चालवता का. सायकलीचा विषय निघाल्यावर मास्तरीणबाईंना राहवलं नाही. "जन्मभर चालवतात. आणि सीट कसलं, तर फाटकं, नुसतं लोखंड. जगाला गाद्या वाटतात आणि स्वतः सळईवर बसतात."

"वेळ कुठे मिळतो," मास्तर म्हणाले.

मग बाईंनी एक प्रश्न विचारला जो आजवर कुणी विचारला नव्हता. "कुठे बसलं की दुखत नाही?"

मास्तरांनी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघितलं. मग पंख्याकडे. मग कपाटाकडे.

"अहो, सांगा की," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"कुठे नाही. सगळीकडे दुखतं."

मास्तरीणबाईंनी पदर सावरला. मागचं सगळं वर्ष, आत नेलेला चहा, न संपलेल्या बातम्या, काकूंचे टोमणे, हे सगळं त्यांच्या डोक्यात एकदम जागच्या जागी बसलं असावं. "कमोडवर," त्या म्हणाल्या. "तिथे दुखत नाही यांना. तिथे हे संसार करतात."

मास्तरांना वाटलं, आता पुन्हा मलम. पण सर्जनबाईंनी पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच त्या खुर्चीत मागे रेलल्या. कमोडच्या सीटला मधे जागा मोकळी असते, त्यांनी समजावलं. भार कडेच्या हाडांवर पडतो, मधला भाग लोंबकळत राहतो. त्या मधल्या भागाला जाणारी एक नस आहे. ओटीपोटात खोल, दोन घट्ट बंधांच्या मधून ती वाट काढते. तिथे ती चिमटली गेली की बसल्यावर असंच होतं, आणि नेमकं त्या एका जागी होत नाही. सायकलीमुळे झालं असेल, नसेलही, ते आता सांगता येत नाही. आधी खात्री करायची. नसेजवळ बधिर करायचं इंजेक्शन द्यायचं. दुखणं थांबलं तर चोर तोच.

इंजेक्शन दिल्यावर मास्तर बाहेर आले आणि दवाखान्यातल्या बाकावर बसले. दोन्ही बाजूंनी. मास्तरीणबाई शेजारी. मास्तरांनी डोळे मिटले. ते उघडेनात. समोरची नर्स घाबरून विचारून गेली.

"काय होतंय?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"फोम मेलाय या बाकाचा," मास्तर म्हणाले. "कुणी केलाय कोण जाणे. नुसतं फळीवर बसवतात लोकांना."

दिवेलागणीपर्यंत ते त्या मेलेल्या फोमवर बसून राहिले. घरी न्यायला मेहुणा आला तरी उठायला तयार नाहीत. मग औषधाचा असर ओसरला आणि दुखणं परत आलं. पाहुणा येतो तसं नाही, घरमालक येतो तसं.

ऑपरेशन करता येईल, बाई म्हणाल्या. मोठं चिरायचं नाही. पोटाला तीन-चार छोटी भोकं, त्यातून दुर्बीण आणि बारीक अवजारं आत घालायची, नसेपर्यंत पोचायचं, तिच्या भोवतीचं चिकटलेलं सोडवायचं आणि ज्या बंधाखाली ती दबली आहे तो कापून तिला मोकळं करायचं.

मास्तर इतका वेळ मान डोलावत होते. 'कापून' म्हटल्यावर थांबले. "कापायचा? बंध?"

"हो. एका बाजूचा."

"आणि परत बांधायचा कसा?"

"परत नाही बांधत."

मास्तर उठले. "नको मग," म्हणाले.

घरी आल्यावर जे बोलले ते मेहुण्यालाच कळण्यासारखं होतं. उभ्या आयुष्यात ते जर काही शिकले असतील तर एवढंच, की पट्टा कापला की बैठक खचते. आज नाही खचली तर उद्या. वरून कितीही भारी कापड चढवा. मेहुण्याने मान हलवली. खरंच होतं ते. गल्लीतल्या कुठल्याही माणसाने ऑपरेशनला नकार देताना भूल, खर्च, वय असलं काहीतरी सांगितलं असतं. मास्तर बुडाखालचे पट्टे मोजत बसले होते.

"दाजी म्हणतात त्यात तथ्य आहे ताई," मेहुणा म्हणाला.

"तू गप. तुझ्या सगळ्या पट्ट्यांवर चरबी आहे, तुला काय कळणार." मास्तरीणबाईंनी कापड बाजूला ठेवलं. "सलूनवाल्याची ती खुर्ची आठवते? कुरकुर करायची ती? दोरी पट्ट्याखाली अडकून झिजत होती. काय केलंत तुम्ही?"

मास्तरांनी ते कापड उचलून त्याची घडी घालायला घेतली.

"काय केलंत?"

"पट्टा कापला."

"खचली का?"

"तिथे बाकीचे होते आजूबाजूला, ते धरून ठेवतात."

"मग तुमच्यात काय एकच लावून पाठवलाय?"

तरी मास्तरांनी होकार दिला नाही. होकार आला तो वेगळ्याच कारणाने.

एका दातांच्या दवाखान्याचा लांब बाक तयार झाला होता. मेहुण्याने तो मधोमध ठेवला. मास्तरांनी हात धुतले, चष्मा काढला, बाकाजवळ आले आणि वाकून दोन्ही तळव्यांनी दाबून बघितलं. इथे, तिथे, कडेला. मग सरळ होऊन म्हणाले, "जाऊ दे."

मशीन थांबलेलं होतं. ते पुन्हा सुरू झालं नाही. मेहुण्याने आपले जाडे हात पँटला पुसले आणि त्या बाकावर स्वतः बसला. एका टोकाला, मग मधे, मग दुसऱ्या टोकाला. उठला आणि बाक उचलून टेम्पोत टाकला. दाजींकडे बघितलंसुद्धा नाही.

मास्तर त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी बायकोला म्हणाले, "त्या बाईंना विचार, किती पट्टे उरतात."

सर्जनबाईंनी न हसता उत्तर दिलं. पुष्कळ उरतात, हाडं धरून ठेवणारे त्याहून मजबूत आहेत, बैठक खचायची नाही. पण खोटी आशाही त्यांनी दिली नाही. काहींचं दुखणं जातं, काहींचं निम्मं होतं, काहींना फरक पडत नाही. आणि जे काही होईल ते सावकाश होईल.

ऑपरेशनच्या दिवशी मेहुणा कॉरिडॉरमधल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता. मास्तरांना बाहेर आणलं तेव्हा तो उठला आणि खुर्चीही त्याच्याबरोबर उठली. भूल उतरत असलेल्या मास्तरांनी अर्धवट डोळ्यांनी ते बघितलं आणि म्हणाले, "जाऊ देऊ नको ती." पुढे कितीतरी दिवस मेहुणा सगळ्यांना सांगायचा, की शुद्धीवर येताना दाजींनी पहिली खुर्ची नापास केली.

पोटावरची भोकं इतकी लहान होती की भेटायला आलेल्यांची निराशा व्हायची. लोकांना टाके बघायचे होते. "एवढंच?" सलूनवाला म्हणाला. "माझ्याकडे दाढी करताना याहून मोठं होतं."

पण दुखणं गेलं नाही. उलट पहिले काही आठवडे ते वाढलं, आणि वर मुंग्या. सर्जनबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, वर्षानुवर्षं दबलेली नस आहे, पायाला मुंग्या येऊन पाय जागा होतो तशी ती जागी होणार, महिने जातील. मास्तर ऐकून घ्यायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मनात एकच. खचली. पट्टा कापला आणि बैठक खचली. मास्तरीणबाई व्यायाम करून घ्यायच्या, चालायला न्यायच्या, आणि मास्तर गल्लीतून असे चालायचे जणू आत काहीतरी सैल आहे आणि सांडेल.

दुकान मेहुण्याने चालवलं. खुर्ची तयार झाली की तोच हात धुऊन बसायचा. गल्लीला विषय मिळाला. आता खुर्च्या हत्ती पास करतो, एकदा तिथे टिकली म्हणजे जन्माला टिकली, वगैरे. मास्तर पडल्या पडल्या तक्रारींची वाट बघत होते. एकही आली नाही. हे दुखण्याहून जड जात होतं.

"कोणी काही म्हणालं का?" ते संध्याकाळी विचारायचे.

"बरी आहे म्हणाले," मेहुणा सांगायचा. आणि त्याचंच त्याला वाईट वाटून जोडायचा, "फार बरी नाही दाजी. आपली बरी."

हळूहळू, कुणाच्या लक्षात न येता, मास्तरांचा सकाळचा चहा बाहेर आला. आधी उभ्याने. मग पलंगाच्या कडेला टेकून. मग एक दिवस मास्तरीणबाईंच्या ध्यानात आलं, की संडासातला पेपर कितीतरी दिवसांपूर्वीचा आहे.

मास्तर दुकानात आले त्या दिवशी हे गुपित राहणार नव्हतंच. सलूनवाला दाढीचा ब्रश हातात घेऊन दारात, टायपिस्ट काकू भाजीची पिशवी घेऊन समोर. दाराजवळ एक खुर्ची कायम असायची, गिऱ्हाइकांना बसवून बघण्याची, दुकानाचा नमुना. दुखणं ऐन भरात असताना मास्तरांनी ती स्वतः पास केली होती. त्यांनी हात धुतले. चष्मा काढला. आणि बसले, उजवीकडे नाही, डावीकडे नाही, मधोमध, पूर्ण भार टाकून.

दाभण फिरलं नाही. कुठेतरी खोल बारीकशी ठणक होती, जुन्या भाडेकरूने निघताना दार लावल्यासारखी. बस. पण मास्तरांच्या कपाळावर आठी पडली.

"दुखतंय?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"नाही."

"मग?"

"मी डावीकडे चाललोय."

मास्तरीणबाईंचा चेहरा उतरला. नवराबायकोने एकमेकांकडे बघितलं, आणि दोघांच्या मनात तोच कापलेला पट्टा आला. मास्तर उठले, पुन्हा बसले. पुन्हा डावीकडे. शरीर घसरत नव्हतं, पण कलत होतं, उतारावर ठेवलेल्या भांड्यासारखं.

"खचली," ते हळूच म्हणाले.

मेहुण्याने आदल्या दिवशी पुरी केलेली खुर्ची आणून शेजारी ठेवली. "यात बसा दाजी."

मास्तर बसले. सरळ. डोळे मिटून, उघडून, दोन्ही तऱ्हांनी सरळ. मग माळ्याखाली धूळ खात पडलेली एक जुनी खुर्ची निघाली, दुखण्याच्या कितीतरी आधीची. तीही सरळ. पुन्हा दारातली नमुन्याची खुर्ची. डावीकडे.

मास्तर त्या खुर्चीसमोर उकिडवे बसले आणि हाताने दाबून बघायला लागले. डावी बाजू नीट होती. उजवी उंच होती. मूठभर.

सलूनवाल्याच्या ब्रशवरचा फेस खाली पडला.

"उजवीकडे मूठभर," मेहुणा अगदी हळू म्हणाला.

मास्तरांनी मान वर केली. "तुला कळत होतं?"

"बसून बघायचो ना मी नंतर. गपचूप."

"मग बोलला नाहीस?"

"तुम्ही बसला होतात दाजी. त्यावर मी काय बोलणार."

ही झाली खरी गोष्ट. स्वतः उजवीकडे कलून बसणाऱ्या माणसाला उजवी बाजू दबलेली वाटायची, आणि तो ती भरून घ्यायचा. मास्तरांचं सगळं दुखणं मुठीमुठीने त्या खुर्च्यांमध्ये भरलं गेलं होतं आणि गल्लीभर वाटलं गेलं होतं. सलूनवाल्याच्या तिन्ही खुर्च्या त्याच काळातल्या. निम्म्या गल्लीचे कल्ले एक वर एक खाली का, याचं उत्तर आज मिळालं. इतके दिवस सलूनवाला गिऱ्हाइकांना म्हणायचा, "मान सरळ ठेवा हो," आणि गिऱ्हाईक म्हणायचं, "सरळच आहे."

मास्तरांनी गाजावाजा केला नाही, पण लपवलंही नाही. लपवण्याचा कंटाळा आला होता त्यांना. घरोघर गेले. "खुर्ची द्या जरा, उजवीकडचा काथ्या काढायचाय, माझी चूक आहे." लोक म्हणायचे, असू दे मास्तर, आम्हाला सवय झाली. काहींनी तर द्यायला नकारच दिला. एका घरचे आजोबा म्हणाले, या बाजूने मला टीव्ही बरा दिसतो.

शेवटी टायपिस्ट काकू. जन्मभर पाठ ताठ ठेवून टाइप केलेली बाई. त्यांच्या खुर्चीत डाव्या बाजूला टॉवेलची घट्ट घडी ठेवलेली होती.

"हे काय?" मास्तरांनी विचारलं.

"काही नाही. माझं कंबरडं वाकडं झालंय डावीकडे. वयच ते. व्यायाम सांगितलाय, रोज भिंतीला टेकून एका पायावर उभी राहते. फोटोसुद्धा काढला, तर डॉक्टर म्हणतो फोटो छान आलाय."

मास्तरांनी टॉवेल उचलला. "वाकडी खुर्ची आहे काकू."

"असं कसं? तुम्ही बसला होतात यावर."

"बसलो होतो."

काकूंना ते उमगायला जरा वेळ लागला. मग त्यांनी मास्तरांकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "म्हणजे माझं कंबरडं सरळ आहे?"

"सरळच असणार."

"आणि मी एवढे दिवस बगळ्यासारखी एका पायावर उभी."

"हो."

"तुमच्या बुडापायी."

काकूंनी टॉवेल त्यांच्या हातातून काढून घेतला. "बसा," म्हणाल्या. "त्याच खुर्चीत. मी चहा टाकते, तोवर बसा आणि कळू द्या जरा."

मास्तर बसले. डावीकडे कलले. आत भांडी जरा जास्तच वाजत होती. चहा यायच्या सुमाराला ती खोलवरची ठणक जागी झाली आणि मास्तर उठून खिडकीपाशी गेले. काकूंनी कप हातात देताना ते पाहिलं.

"अजून दुखतं?"

"फार वेळ बसलं की. बाई म्हणतात, कदाचित एवढं राहील."

"पडदा जुना आहे," काकू म्हणाल्या. "त्याचं कौतुक करू नका, देण्यासारखं कापड नाही माझ्याकडे."

खुर्ची दुकानात आली. मास्तरांनी स्वतः शिवण उसवली, उजवीकडचा काथ्या काढला, नीट पिंजून परत बसवला, मास्तरीणबाईंनी कड शिवली. मेहुण्याने खुर्ची मधोमध ठेवली आणि सवयीने म्हणाला, "दाजी, चला."

मास्तरांनी हात धुतले, चष्मा काढला, बसले. सरळ. पण 'जाऊ दे' म्हणाले नाहीत. उठून बाजूला झाले. "आता तू."

मेहुण्याने बहिणीकडे बघितलं. मग त्यानेही हात धुतले, चष्मा नव्हता तरी नाकावरून हात फिरवला, बसला आणि डोळे मिटले. मशीन थांबलेलं.

"मागची स्प्रिंग बोलतेय दाजी," तो म्हणाला.

"उगाच काहीतरी."

"बोलतेय."

मास्तर पुन्हा बसले. या वेळी जरा जास्त वेळ. मग उठले, खिशातून कात्री काढली आणि आत्ताच शिवलेली कड उसवायला घेतली.

"बोलतेय," ते म्हणाले.